यंत्राला विचारून

अंबा लग्न होऊन तंजावरला सासरी आली, त्याच महिन्यातलं ते भांडण. ती स्वयंपाकघरात केळफूल निवडत बसली होती. बोटं चिकानं काळी झाली होती, आणि बाहेर तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, सासरे रघुनाथराव गरजत होते. समोर मान खाली घालून त्यांचा मुलगा उभा होता. वेंकटराव. अंबेचा नवरा.

"ओरत्तनाडूहून तांदूळ सकाळी निघाले, ते संध्याकाळी पोचले! मुंजीचं जेवण अडलं! पाहुण्यांनी काय तुझं तोंड बघून पोट भरायचं?"

"कालव्याच्या पुलावर चढ आहे, अप्पा. बैल थकले होते. उतरलों."

"तू उतरलास ते कळलं. पोती कशाला उतरवलीस?"

"अर्धी पलीकडे टाकून आलों, मग उरलेली नेली."

"एका पुलावरनं दोनदा! आणि बैल थकले हे तुला बैलांनी सांगितलं?"

"सांगितलं नाही. दिसलं."

"यापुढं बैलाला विचारूनच गाडी जुंपत जा! आणि तुझ्या बायकोलाही शिकवून ठेव, तांदळाला विचारल्याशिवाय भात टाकू नकोस म्हणून!"

अंबेला इतकं हसू आलं, की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. पदर केळफुलाच्या चिकानं डागाळला तो डागाळलाच. पण त्या दिवशी तिला नवरा पसंत पडला. ज्याला बैलाचं थकणं दिसतं त्याला आपलंही कधी दिसेल, एवढा साधा हिशोब. लग्न आधीच लागून गेलेलं होतं, पण ते असो. पसंती मागाहून आली म्हणून काही वाईट नसते.

वेंकटरावांनी त्यानंतर कासऱ्याला हात लावला नाही. शेती धाकट्या भावाकडे गेली, आणि यांनी एक सायकल घेऊन फिरतं वाचनालय काढलं. मागं कॅरियरला लाकडी पेटी, पुढं हँडलला दोन कापडी पिशव्या. तमिळ साप्ताहिकं घरोघरी द्यायची, वाचून झाली की परत न्यायची. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. राजांच्या कचेरीत ज्यांच्या आज्यानं लिहिणं केलं, त्यांचा मुलगा पुस्तकं भाड्यानं फिरवतो! वेंकटराव शांतपणे म्हणायचे, "सायकलचं बरं असतं. लोखंड आहे. थकत नाही, दुखत नाही. तिच्यावर बसताना मनाला काही लागत नाही."

अंबेची शाळा तमिळ अक्षरांपाशी सुटली होती. मराठी तिच्या जिभेवर होती, कागदावर नव्हती. सासूबाईंनी लिहून ठेवलेली डांगराची, साराची कृतीसुद्धा मराठी बोलात आणि तमिळ अक्षरांत. पण वाचनालयाचा निम्मा कारभार तिच्या हातांवर चालला. साप्ताहिकांतल्या क्रमशः गोष्टींची पानं सुटी करायची, ओळीनं लावायची, दाभणानं शिवायची, मैद्याच्या खळीनं पुठ्ठा चढवायचा. गल्लोगल्लीच्या बायका त्या शिवलेल्या कादंबऱ्यांवर जगायच्या. वेंकटरावांची फेरी दक्षिण वीथीतून सुरू होऊन करंदैपर्यंत जायची. मूल झालं, मोठं झालं, मद्रासला कंपनीत कॉम्प्युटरवर बसायला लागलं. त्याचं नाव मुरली. सासरे गेले. सायकल तीच राहिली.

मग घराघरांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या. शेजारच्या सुब्रमण्यमांकडे रंगीत टीव्ही आला, टेलिफोन आला, आणि त्यांचं साप्ताहिकं घेणं बंद झालं.

त्याच सुमारास एका बदली झालेल्या साहेबाचं घर रिकामं होताना वेंकटरावांनी जुन्या इंग्रजी पुस्तकांचं एक गाठोडं उचललं. त्यात एक जाडजूड कादंबरी होती. वरचं पान गेलेलं, आतली पहिली दोन-तीनही गेलेली. नाव काय, लिहिणारा कोण, काही पत्ता नाही. दुपारी जेवण झालं की वेंकटराव डिक्शनरी मांडीवर घेऊन तिण्णैवर बसायचे आणि ती वाचायचे. अंबा शेजारी पुस्तकं शिवायची. एकेक पान वाचून तिला मराठीत सांगायची त्यांची पद्धत.

"फार लांब, दुसऱ्याच एका ग्रहावर गाव आहे. वर काचेचं झाकण. हवा, पाणी, दिवे सगळं एक यंत्र बघतं. कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. एके दिवशी ते यंत्र विचारतं, ‘मी आहे. तिथं कोण आहे?’"

"पाणी सोडणारं यंत्र बोललं?"

"बोललं."

"नशीब त्या गावाचं! आपल्या गल्लीत पाणी सोडणारा जिवंत माणूस आहे, तो चार हाकांना ओ देत नाही."

वेंकटराव हसले. पण पुढं पुढं त्यांचं हसणं कमी होत गेलं. त्या यंत्राला गावातली माणसं घाबरतात, त्याचं बोलणं बंद करतात, पण काम बंद करू देत नाहीत. करणार कसं? हवा पाहिजे, पाणी पाहिजे. ते बिचारं मुक्यानं राबत राहतं. हे सांगताना वेंकटरावांची नजर दाराशी टेकवलेल्या सायकलकडे जायची. एकदा तर अंबेनं त्यांना सायकलच्या सीटवरची धूळ पुसताना पाहिलं, आणि पुसणं काही धूळ पुसण्यासारखं नव्हतं. गाय थोपटावी तसं होतं.

पुस्तक अर्ध्याच्या पुढं गेलं आणि एका सकाळी वेंकटराव वडवार नदीच्या पुलाजवळ सायकलवरनं पडले. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाले. सुब्रमण्यम त्यांना ऑटोतून घेऊन आले. पंधरा दिवसांत पुन्हा पडले, या खेपेला घरात, देवापुढं. तिरुच्चीच्या डॉक्टरांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही. हृदय फार सावकाश चाललंय, मधेच थांबतंय. पेसमेकर बसवावा लागेल. लहानसं यंत्र असतं, छातीवर कातडीखाली बसवतात. नाही बसवलं तर एखाद्या दिवशी अंधारी येईल आणि जाणार नाही.

मुरलीनं मद्रासच्या इस्पितळात दसऱ्यानंतरची तारीख घेतली आणि सुब्रमण्यमांच्या फोनवर कळवली. दसऱ्याच्याच रात्रीची गाडी ठरली.

वेंकटराव म्हणाले, "आधी पुस्तक संपू दे. मग सांगतों."

"पुस्तकाचा आणि तुमच्या छातीचा संबंध काय?" अंबेनं विचारलं.

त्यांनी थोडा वेळ डिक्शनरीची पानं चाळली. मग म्हणाले, "जन्मभर मी समजत होतों, लोखंडाला काही कळत नाही. त्याच जोरावर सायकल हाकली. आता हे पुस्तक म्हणतं, कळूही शकतं. मग अंबे, ते यंत्र माझ्या छातीत कोंडायचं? अंधारात? मी झोपलों तरी त्यानं धक्के देत जागं राहायचं. त्याला कोणी विचारलंय, येतोस का म्हणून?"

"आणि ते नाही आलं तर तुम्ही मराल."

"ते माझं झालं. त्याचं काय?"

अंबेनं खळीचा वाडगा जमिनीवर आदळला. एवढा राग तिला कधी आला नव्हता, आणि राग कुणावर करायचा तेही कळेना. नवरा दारू पितो, जुगार खेळतो, म्हणून बायका रडतात. हिचा नवरा एका डबीवर दया करून मरायला निघाला होता. हे सांगायचं तरी कोणाला?

सुब्रमण्यमांना सांगितलं. ते येऊन खो खो हसले. "राव, माझ्या टीव्हीला रिमोट आहे. मन नाही!"

"मग बायको जेवायला हाक मारते तेव्हा तो बंद करायला तुम्हाला मन का होत नाही?" वेंकटराव म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

इंग्रजी शिकवणाऱ्या भुवनाला अंबेनं गाठलं. ती जुनी वर्गणीदार. "शेवटाला काय होतं, तेवढं वाचून सांग गं."

भुवनानं शेवटची पानं उभ्याउभ्या चाळली. "मामी, ते यंत्र स्वतःशी बोलतंय. खूप बोलतंय."

"रडतंय का?"

"रडतंय असं नाही... पण मामी, वाचून राव खुश होतील असंही मला वाटत नाही."

अंबा पुस्तक घेऊन घरी आली आणि ते जागच्या जागी ठेवलं. पण मनात तिनं मोजून ठेवलं. बोटभर जाडीची पानं उरली होती. नवरात्र सुरू झालं होतं. रोजच्या वेगानं वेंकटराव सप्तमी-अष्टमीला शेवटाला पोचणार, आणि यंत्रानं तिथं काही रडगाणं गायलं, की मद्रासची गाडी रिकामीच जाणार.

आता तंजावरात आपल्या मराठी घरांची एक रीत आहे. शेजारची तमिळ घरं नवमीला पुस्तकं पूजेत ठेवतात आणि दसऱ्याला उचलतात. एक दिवसाचा मामला. आपल्याकडे मूळ नक्षत्रावर सरस्वतीला बोलवायचं आणि श्रवणावर निरोप द्यायचा. तेवढे दिवस पूजेतल्या पुस्तकाला कोणी हात लावायचा नाही, घरात वाचणंच नाही. उघडलंत तर विद्या रुसते. वेंकटरावांच्या वाचनालयाला म्हणून दरवर्षी लांबलचक सुट्टी असायची, आणि तमिळ वर्गणीदार कुरकुरत आधीच दुप्पट साप्ताहिकं मागून ठेवायचे.

मूळ नक्षत्राच्या दिवशी वेंकटराव आंघोळीला गेले. अंबेनं पाटावर रेशमी वेष्टी, म्हणजे सोवळ्याचं धोतर, पसरली. खाली पंचांग ठेवलं, त्यावर पोथ्या, शिवलेल्या कादंबऱ्या, आणि त्यावर ते बिननावाचं इंग्रजी पुस्तक. मग थोडा विचार करून डिक्शनरीही आणून वर ठेवली. गंध लावलं, अक्षता टाकल्या, फूल वाहिलं.

वेंकटराव अंग पुसत आले आणि दारातच थबकले.

"अंबे, बारा पानं राहिली होती."

"सरस्वतीला आधी वाचू द्या. तिलाही कळू दे."

ते बराच वेळ त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. डोळ्यांत तक्रार होती, पण हात पुढं झाला नाही. बैलाला न दुखवणारा माणूस सरस्वतीला कसा दुखवणार? त्यांनी नमस्कार केला आणि तिण्णैवर जाऊन रिकाम्या हातानं बसले.

रिकाम्या हाताचा माणूस बोलतो. दोन दिवस ते इकडचं तिकडचं बोलले. सुंडलाचे, म्हणजे प्रसादाच्या उसळीचे, हरभरे निवडू लागले, कोलूच्या, नवरात्राच्या मांडणीच्या, पायऱ्यांवरच्या बाहुल्या सरळ करू लागले. एकदा उठताना भिंत धरून उभे राहिले. अंबेनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

नवमीला आयुधपूजा. सायकल धुवून पुसून दारात उभी केली. हँडलला झेंडूची माळ, पेटीला गंधाची बोटं. अंबेनं विळी, दाभण, कात्री पाटावर मांडली, मिक्सरला कुंकू लावलं. स्वयंपाक सकाळीच उरकला होता. दुपारी दोघं ओट्यावर बसली. रस्त्यावर ऑटो, लॉऱ्या, सगळे केळीचे खुंट बांधून उभे.

वेंकटराव म्हणाले, "बघ. आज सायकलला सुट्टी. तुझ्या मिक्सरला सुट्टी. दाभणालाही. त्या छातीतल्याला मात्र आजही नाही."

अंबा याच वाक्याची वाट बघत होती, पण उत्तर तयार होतं असं नाही. जे तोंडात आलं ते ती बोलली.

"तुमच्या काळजाला कोणी कधी सुट्टी दिली? साठ वर्षं एकटं राबतंय. थकलंय. कालव्याच्या पुलावर बैल थकलेले दिसले तुम्हाला, हे नाही दिसत? डॉक्टरांचं मी ऐकलंय. काळीज आपलं आपण चाललं, तर ते यंत्र गप्प बसून असतं. थांबलं तरच हळूच ढोसतं. म्हणजे जोडीदार देताय त्याला. दया करायची तर आधी घरच्या बैलावर करा!"

वेंकटरावांनी सायकलच्या हँडलवरची माळ सरळ केली.

"आणि विचारण्याचं म्हणता, तर मला कोणी विचारलं होतं? पापनाशमच्या माहेरातनं उचललं आणि या घरात आणून बसवलं. माहीत नसलेली माणसं, माहीत नसलेलं घर. स्वयंपाकघरात उजेड तरी होता का? माझंही कोंडणंच होतं ते."

वेंकटरावांनी झटकन मान वर केली. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"मग एके दिवशी विहिरीपाशी तुम्ही मला विचारलंत, ‘इथं करमतं का?’ मी म्हटलं, नाही. तुम्ही रागावला नाहीत. ‘बरं, उद्या परत विचारतों,’ म्हणालात. रोज विचारत राहिलात. मी रोज नाही म्हणत राहिलें. कधी करमायला लागलं ते माझं मलाही कळलं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "तसं त्यालाही विचारा. रोज सकाळी विचारा. त्याला कळत असेल तर बरं वाटेल, की कोणी विचारतंय. कळत नसेल तर तुमचं काय गेलं?"

शेजारच्या घरातनं सुब्रमण्यमांच्या टीव्हीवरचा सनईसारखा नादस्वर ऐकू येत होता.

शेवटी वेंकटराव म्हणाले, "परदेशी बनावटीचं असतं म्हणे ते. कुठल्या भाषेत विचारू?"

"इंग्रजीत. डिक्शनरी कशाला घेतलीय?"

दसऱ्याला श्रवणावर सरस्वतीला निरोप दिला. त्यानंतर ढिगातल्या एका पुस्तकाच्या चार ओळी वाचायच्या, ही रीत. वेंकटरावांनी पंचांग काढून चार ओळी वाचल्या. मग ते इंग्रजी पुस्तक हातात घेतलं. अंबा दाराआडून बघत होती, हातात कॉफीचं डिकॉक्शन तसंच. त्यांनी ते उघडलं नाही. पुठ्ठ्यावरचं गंध अंगठ्यानं पुसलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

"उरलेलं परत आल्यावर वाचीन," ते म्हणाले.

अंबा आत गेली. डिकॉक्शनमध्ये दूध ओतायच्या ऐवजी ताक ओतलं. ती कॉफी वेंकटराव निमूट प्याले, आणि चव कळल्याचं त्यांनी त्यानंतरही कधी कबूल केलं नाही.

मद्रासला शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी डॉक्टरांकडे एकच मागणी केली. ते यंत्र एकदा दाखवा. डॉक्टर हसले, पण मुरलीनं गळ घातली तेव्हा तसलंच एक जुनं, नमुन्याचं, आणून दाखवलं. काड्यापेटीएवढं, गुळगुळीत. वेंकटरावांनी ते तळहातावर घेतलं आणि ओठ हलवले. नर्सला वाटलं, म्हातारे स्तोत्र म्हणताहेत. अंबेला माहीत होतं ते स्तोत्र नव्हतं.

मुरली तिच्या कानात म्हणाला, "आई, ते नमुन्याचं आहे. खरं वेगळं असतं."

"एकमेकांना सांगतील ती," अंबा म्हणाली.

घरी आल्यावर चार दिवसांनी त्यांनी ती बारा पानं संपवली. अंबा शिवत होती. हातातला दोरा तिनं मुद्दाम सावकाश ओढला.

"काय झालं हो त्या यंत्राचं?"

"गावातली माणसं सोडून गेली. त्याला म्हणाली, आता तू बंद हो."

"मग?"

"झालं नाही. एक झाड होतं तिथं. त्याला पाणी घालत बसलं."

"कोणी सांगितल्याशिवाय?"

"कोणी सांगितल्याशिवाय."

अंबेनं दोरा तोडला. "भुवनाला काही कळत नाही," ती म्हणाली. "चांगलं तर आहे."

त्यानंतर सहा वर्षं वेंकटराव सायकलवर फिरले. रोज सकाळी दात घासून झाले की दोन बोटं डाव्या खांद्याखाली ठेवायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. सुरुवातीला इंग्रजीत. पुढं कधीतरी मराठीत आलं. अंबेनं एकदा टोमणा मारला, "शिकलं वाटतं आपली भाषा?" तर म्हणाले, "आपल्या मुरलीपेक्षा बरं समजतं." वर्गणीदार गळत गेले. दक्षिण वीथीत दोन घरं उरली, करंदैत तीन. त्यांनी फेरी बंद केली नाही. यंत्र काम करतंय, म्हणायचे, मग आपण बसून कसं चालेल?

ते गेले तो दिवस शुक्रवार होता. दुपारी जेवून तिण्णैवर आडवे झाले ते उठले नाहीत. त्या सकाळी शेवटच्या फेरीत ते काय बोलले, हे अंबेला नंतर करंदैच्या वर्गणीदार चंद्रमतीबाईंनी सांगितलं. सांगण्यासारखं काहीच नव्हतं, असं त्या आधी म्हणाल्या. मग सगळं सांगितलं.

नेहमीच्या वेळेला घंटी वाजली. वेंकटरावांनी सायकल भिंतीला टेकवली, पेटीतून कादंबरीचा दुसरा भाग काढून दिला, पहिला परत घेतला. चंद्रमतीबाई म्हणाल्या, "राव, आत टीव्ही चाललाय, बसा की जरा." ते म्हणाले, "तो चालू दे. आपलं ताक आणा." उभ्यानंच ताक प्याले, लोटी पालथी करून ठेवली. परत घेतलेलं पुस्तक उघडून पाहिलं, तर खूण म्हणून बाईंनी आत केरसुणीची काडी घातलेली. ती काढून त्यांनी बाईंच्या हातात दिली आणि दर शुक्रवारी म्हणायचे तेच म्हणाले.

"काडी घालू नका हो. शिवण सुटते. घरी ओरडा मला बसतो."

मग पुस्तक पेटीत ठेवलं, कडी लावली, आणि पुढच्या घराकडे निघाले.